मजल दरमजल

सुट्या जवळ आल्या की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. हल्ली आपल्या मंडळींतील तरुणांना हिमालयात पायी हिंडण्याची ओढ लागली आहे, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. सकाळी एका विश्रामगृहातून निघावे, संध्याकाळी दुसऱ्यात पाठ टेकावी आणि असे पाचसात दिवस पर्वतात काढावेत, यासारखे शिक्षण दुसरे नाही. मात्र अशाच एका प्रवासात आमच्या हातून एक चूक घडली. ती झाकून ठेवण्यापेक्षा वाचकांच्या उपयोगी पडावी, या हेतूने आज लिहीत आहोत.

मुक्कामामुक्कामाने चालण्याची रीत आम्हां देडतलाईकरांना परकी नाही. आमच्या गावाहून धारणीकडे जाणारा रस्ता पुढे मेळघाटात शिरतो. हरिसाल, कोलकास, सेमाडोह येथील जंगलखात्याच्या विश्रामगृहांची नावे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जुन्या काळी अधिकारी घोड्यावरून दौरा करीत आणि तंबू, शिधा, भांडी बैलगाडीतून मागाहून येत. त्यामुळे दिवसाची मजल ठरे ती घोड्याच्या चालीवर नव्हे, बैलांच्या चालीवर. सर्वांत सावकाश चालणारा जेथवर पोहोचेल, तेथेच मुक्काम!

आल्प्स पर्वतातही असाच विचार झाला. १८६३ साली स्विस आल्पाइन क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने टोडी पर्वतावर आपली पहिली झोपडी उभारली. आज अशा दीडशेहून अधिक झोपड्या त्या संस्थेकडे आहेत. आपल्याकडे कुमाऊंतील पिंडारी हिमनदीची वाट याच जातीची. लोहारखेत, ढाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया हे तिचे परंपरागत मुक्काम.

गेल्या वर्षी दसरा आटोपल्यावर आम्ही सहाजण या वाटेने निघालो. सर्वांत धाकटा आमचा पुतण्या, वय वर्षे वीस. रजा मोजकी आणि परतीचे आरक्षण झालेले. मोटाररस्ता आता खातीच्या जवळपर्यंत गेला आहे, असे बागेश्वरला कळले, तेव्हा आम्हांला केवढा आनंद झाला! लोहारखेत व ढाकुरी हे दोन्ही मुक्काम गाळून आम्ही जीपने गेलो आणि त्याच संध्याकाळी खातीत दाखल झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी द्वालीस पोहोचलो. तेथे पिंडर आणि कफनी या नद्यांचा संगम आहे. फुरकिया तेथून अवघे पाचसहा किलोमीटर. एवढ्याशा अंतरासाठी एक रात्र कशाला दवडायची, असे म्हणून आम्हीच पुढे चालण्याचा आग्रह धरला.

फुरकियाची उंची सुमारे ३,२५० मीटर. आपल्या सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड १,३५२ मीटरांचे, म्हणजे तेथे आपण त्याच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर झोपतो. त्या रात्री पुतण्याने ताट तसेच सारले. दमला असेल, असे आम्ही समजलो. पहाटे तो भिंतीला टेकून बसलेला दिसला. डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली होती. तरी म्हणाला, “काका, मला काही झालेले नाही. माझ्यापायी तुमची हिमनदी चुकायला नको.”

चौकीदार चहा घेऊन आला. त्याने एकच प्रश्न विचारला, “भैया ने रात को खाना खाया था?” आमचे उत्तर ऐकताच त्याने चहाचे पेले खाली ठेवले आणि उतरणीच्या वाटेकडे बोट केले.

हिमनदी दिसण्याचे ठिकाण तेथून एका सकाळीच्या चालीवर होते. आकाश निरभ्र होते. आमच्यापैकी दोघांनी क्षणभर वर पाहिले, हे आम्ही नाकारीत नाही. पण सहाहीजण खाली उतरलो. द्वालीला येईतो मुलाचे डोके हलके झाले आणि खातीत संध्याकाळी त्याने दोनदा भात मागून घेतला. परतण्याचा दिवस आला होता. जे मुक्काम आम्ही वाचविले, नेमके तेच आम्हांला कमी पडले.

द्वाली ते फुरकिया अंतर थोडे, पण चढ पाचशे मीटरांहून अधिक. विरळ हवेशी जुळवून घ्यायला रक्ताला आणि श्वासाला दिवस लागतात. तरुण वय वा दणकट पाय यांचा तेथे काही उपयोग नाही. तीन हजार मीटरांच्या वर रोजच्या झोपेची उंची पाचशे मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसल्यास वर चढू नये. ती वाढल्यास, तोल जाऊ लागल्यास किंवा बसल्या जागी धाप लागल्यास विनाविलंब खाली उतरावे. गोळी घेऊन पुढे रेटणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

म्हणून जाणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे. मोटार जेथवर नेईल तेथवर जरूर जा, पण गाळलेल्या मुक्कामांचे दिवस वरच्या मुक्कामांना द्या. एक दिवस हाती राखूनच तिकिटे काढा. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. आणि रात्री कोण जेवले, कोण जेवले नाही, हे घरातल्या आईप्रमाणे पाहा.

येत्या वैशाखात पुतण्या पुन्हा निघतो आहे. यंदा त्याने लोहारखेतपासून चालण्याचे ठरविले आहे, आणि आम्हांलाही बरोबर येण्याची आज्ञा झाली आहे.