कळफलकावरील पाळत

छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारे अनेक विद्यार्थी इंटरनेट केंद्रांतील संगणक वापरतात. तेथे दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारी व पडद्याची चित्रे टिपणारी आज्ञावली ‘पायथन’च्या मोजक्या ओळींत लिहिता येते. पडदाच टिपला जात असल्याने, माऊसने पासवर्ड भरण्याची बँकांची सोयही तोकडी पडते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ संगणकमालकाच्या परवानगीविना केलेली ढवळाढवळ रोखते. परंतु मालकानेच पाळत ठेवली तर? पासवर्डच्या अप्रामाणिक वापरास कलम ६६-सीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आहे; तोवर नुकसान होऊन गेलेले असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संबंधित व्यक्तीच्या संमतीला महत्त्व दिले आहे. ती संमती केंद्रचालकांकडून पाळली जाते की नाही, हे तपासणारी यंत्रणा उभी राहिल्याखेरीज विद्यार्थ्यांना संरक्षण मिळणार नाही.