शिशाचे शिपाई

दिवाळींतल्या किल्ल्यांविषयीं मागें ह्या पानावर लिहिलें, तेव्हां एका वाचकभगिनीनें विचारिलें होतें कीं, मावळे मांडून झाल्यावर मुलें पुढें काय करतात? प्रश्न दिसावयास साधा, पण मोठा मार्मिक. आमच्या वाड्यांत किल्ला रचण्यांत आठ दिवस जात. माती चाळावयाची, गोणपाट चिखलांत बुडवून बुरुजांवर पसरावयाचें, अळीव पेरावयाचे, आणि कुंभारवाड्यांतून आणलेले मावळे जागोजाग उभे करावयाचे. महाराज सिंहासनावर बसले कीं सारें आटोपलें. लढाई अशी कधीं झालीच नाहीं. कारण मोगल कोणीं व्हावयाचें हा तंटा मिटत नसे, आणि शत्रूवांचून लढाई व्हावी कशी?

ह्या प्रश्नाचें उत्तर मला पन्नास-पंचावन्न वर्षांनीं, आणि तेंही साता समुद्रांपलीकडे मिळालें. गेल्या पावसाळ्यांत थोरल्या वहिनींस सोबत म्हणून मी त्यांच्या मुलाकडे विलायतेस दोन महिने राहून आलों. चिरंजीव तेथें नोकरीस आहेत, दोन मुलांचे बाप आहेत. असे हे गृहस्थ रात्रीं जेवणाच्या टेबलावर भिंग लावून, बोटाच्या पेराएवढ्या एका शिपायाच्या अंगरख्यास तांबडा रंग देत बसलेले आढळले. मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. वहिनींनींही पाहिलें, आणि त्या उठून आंत गेल्या.

त्याचें कारण सांगितलें पाहिजे. वहिनींचे वडील बंधु १९७१ च्या युद्धांत कामास आले. त्या वेळीं वहिनी दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आमच्या घरीं त्या आल्यापासून खेळण्यांतली बंदूक कधीं घरांत आली नाहीं. किल्ल्यावरच्या मावळ्यांसही त्या हात लावीत नसत. "एवढा मोठा झालास, आणि लढाई म्हणजे खेळ वाटतो कां रे तुला?" एवढेंच त्या म्हणाल्या. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. पण पुढच्या शनिवारीं "आई, काका, एकदां येऊन बघा तर खरें," म्हणून आम्हां दोघांस घेऊन गेला.

गांवच्या सभागृहांत बारा फूट लांबीचें टेबल मांडलें होतें. त्यावर हिरवें कापड, कापडावर टेकड्या, झाडें, एक ओढा आणि चार घरें. भोंवतीं सातआठ मंडळी. त्यांत इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक, एक दंतवैद्य, एक टपालवाला आणि आगगाडीवरचा एक गार्ड. आज रोमन, पंधरा दिवसांनीं नेपोलियन, त्यानंतर अमेरिकेंतली यादवी, अशी ह्यांची युगायुगांतून यात्रा चालते. शिपाई कांहीं धातूचे, कांहीं प्लॅस्टिकचे. पूर्वीं शिशाचे असत, आणि जुनी मंडळी अजून त्यांस शिशाचेच म्हणतात. प्रत्येकानें आपआपली पलटण स्वतः रंगविलेली. ह्या रंगकामास इतके महिने लागतात, कीं त्या मानानें लढाई ही केवळ नैवेद्य दाखविण्यापुरती म्हणावी.

खेळाची रीत थोडक्यांत अशी. एक शिपाई म्हणजे वीसतीस माणसें समजावयाचीं. पाळीपाळीनें चालावयाचें, पायदळानें किती इंच जावें आणि घोड्यानें किती, हें ठरलेलें असतें आणि तें फूटपट्टीनें मोजतात. गोळीबारांत किती पडले तें फांसे सांगतात. फांसा म्हटला कीं आपल्याला द्यूतपर्व आठवतें, पण येथें पैसा लावीत नाहींत. सेनापतीच्या हातीं जें नसतें त्याच्या जागीं फांसा आहे. सर्वांत चमत्कारिक नियम धीराच्या कसोटीचा. एखाद्या तुकडींतले बरेच लोक पडले, कीं उरलेले उभे राहतील कीं पळतील हें तुम्हीं ठरवावयाचें नाहीं. फांसा टाकावयाचा, तो म्हणेल तें. बुद्धिबळांत प्यादें कधीं पळून जात नाहीं. आपलें चतुरंग हें हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ यांचेंच चित्र खरें. पण त्यांत दोन्हीं बाजू सारख्या आणि सगळा पट उघडा. युद्धांत ह्यांपैकीं एकही गोष्ट नसते.

हा फरक प्रथम पुरता ओळखला तो प्रशियांतील राइस्विट्झ या बापलेकांनीं. बापानें १८१२ साली राजास एक खास टेबल करून दिलें. त्यावर डोंगर, नद्या, गांवें हवीं तशीं जुळवितां येत. मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ साली नियमांचें पुस्तक छापून पट काढून टाकला आणि खरा नकाशा आणला. एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ. दोन्ही पक्षांच्या मधें एक पंच. ज्याच्या सैन्यास जें दिसेल तेवढेंच त्यास दाखवावयाचें. हुकूम लेखी द्यावयाचे. हा खेळ पाहून प्रशियाचा सेनाप्रमुख म्यूफ्लिंग इतका प्रसन्न झाला, कीं पलटणीपलटणींतून तो खेळला जाऊं लागला. पण खेळ रचणाऱ्या मुलानें मात्र तीनच वर्षांनीं, १८२७ साली, आत्महत्या केली. पुढें प्रशियानें १८६६ साली ऑस्ट्रियाचा आणि १८७०-७१ साली फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हां इतर राष्ट्रांच्या सेनापतींनींही तो खेळ उचलला.

लष्करांतून तो घरांत आला तो लेखकांच्या हातून. स्टीव्हन्सन १८८१-८२ च्या सुमारास डाव्होसला प्रकृतीसाठीं राहिला होता. तेथें माळ्याच्या जमिनीवर तो आपल्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या फौजा लढवीत असे. एच. जी. वेल्सनें तर १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तकच लिहिलें. स्प्रिंगच्या खेळण्यांतल्या तोफेनें जमिनीवरचे शिपाई खरोखर पाडावयाचे, हा त्याचा खेळ. आणि पुस्तकाच्या शेवटीं, खऱ्या युद्धापेक्षां हें युद्ध किती शहाणपणाचें, अशी त्याची मांडणी! वर्षभरानेंच महायुद्ध पेटलें, आणि त्याच वेल्सनें, ह्या युद्धानें युद्धेंच संपतील, असें सांगणारें पुस्तक १९१४ साली काढलें. इतक्या बुद्धिमान् माणसाचा अंदाज इतका चुकावा, ह्याचें मला नवल वाटत नाहीं. त्याच्या खेळांत धीराची कसोटी नव्हती, शिपाई पडेपर्यंत उभाच राही.

आजचें रूप खेळास आलें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. डोनाल्ड फेदरस्टोन यांचें 'वॉर गेम्स' हें पुस्तक १९६२ चें. ते महायुद्धांत रणगाडादळांत होते. ब्रिगेडियर पीटर यंग हे कमांडो पथकांतले मोठे नांवाजलेले योद्धे. त्यांचेंही ह्या खेळावरील पुस्तक १९६७ साली निघालें. हें पुतण्यानें सांगितलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "म्हणजे ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें तेही खेळले?" तो "हो" म्हणाला. त्या गप्प राहिल्या. पण पुढच्या खेपेस येतां कां, असें न विचारतांच तयार होऊन बसल्या.

दोन शनिवारांची हकीकत थोडक्यांत उरकतों. एकदां इ. स. पूर्वीं २१६ सालची कॅनीची लढाई होती. हॅनिबॉलनें रोमनांस मध्यभागीं आंत येऊं दिलें आणि दोन्ही बाजूंनीं आवळलें, हें शाळकरी मुलासही ठाऊक; मग रोमन बाजू घेणारा पुढें जाईल कशाला? पंचांनीं म्हणून नदी दुसरीकडे नेली, नांवें पालटलीं, रोमनांस कोणा कल्पित राजाची सेना केलें, आणि दंतवैद्य महाशय उत्साहानें सरळ त्याच पिशवींत शिरले! दुसऱ्या खेपेस नेपोलियनचा काळ. घोडदळ चालून आलें कीं पायदळानें चौकोन करावयाचा. मग घोडा आंत शिरत नाहीं. पण तोच दाटीवाटीचा चौकोन तोफेस आयतें भक्ष्य. रोमनांस जी घट्ट रांग तारते तीच येथें मारते. एका काळांतलें शहाणपण दुसऱ्या काळांत घेऊन गेलेला मनुष्य फार लवकर हरतो, असें मीं दोन्ही वेळां पाहिलें.

निघण्यापूर्वींच्या शनिवारीं, पाहुण्यांचा मान म्हणून, मंडळींनीं असईची लढाई मांडली. विलायतेंतल्या टेबलावर आपल्या जालना जिल्ह्यांतलें असई, इकडे केळणा, तिकडे जुई, आणि मधें जमिनीची जीभ! पागोटेंवाले स्वार कोठल्या कारखान्यांत ओतले गेले होते कोण जाणे, पण पागोट्याची ठेवण बरी साधली होती. बाजू ठरविण्यास चिठ्ठ्या टाकल्या. पुतण्याच्या वांट्यास वेलस्ली आला. वहिनींनीं चमकून विचारलें, "अरे, तूं इंग्रज?" तो हंसून म्हणाला, "आई, येथें कोणीतरी व्हावेंच लागतें."

मला पोलमन मिळाला. शिंद्यांच्या पदरचा हा हॅनोव्हरचा सरदार. त्याच्या हाताखालीं सुमारें अकरा हजार कवायती पायदळ आणि शंभराच्या घरांत तोफा. शिंदे-भोसल्यांचें घोडदळ तीस-चाळीस हजारांचें, असा इतिहासकारांचा अजमास. समोर वेलस्लीचें कवायती सैन्य साडेचार हजारांच्या आसपास. मनांत म्हटलें, आतां १८०३ चा हिशेब चुकता करून टाकूं. वेलस्लीस वाटाड्यांनीं सांगितलें होतें कीं पुढें उतार नाहीं. पण नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर पिंपळगांव आणि वरूड हीं गांवें दिसलीं, त्यावरून येथें उतार असलाच पाहिजे, असें त्यानें ताडलें. हें मला ठाऊक होतें. म्हणून पहिल्याच डावांत मीं घोडदळास पिंपळगांवच्या उतारावर जाण्याचा हुकूम लिहून दिला. पंचांनीं चिठ्ठी परत केली. घोडदळ पोलमनचें नव्हे, दौलतराव शिंद्यांचें आणि भोसल्यांचें. त्यांस विनंती करतां येईल. विनंती केली, फांसा टाकला, घोडदळ जागचें हाललें नाहीं. पुन्हां टाकला, पुन्हां तेंच. टपालवाला भोसल्यांच्या बाजूनें मजकडे पाहून खांदे उडवीत होता. शिवाय युद्ध सुरू होतांच कंपनीच्या जाहीरनाम्यावरून शिंद्यांचे कित्येक इंग्रज अधिकारी सोडून गेलेले. त्यामुळें माझ्या पलटणींस हुकूम पोंचावयासही उशीर. पानिपतापासून खडकीपर्यंतच्या लढाया मीं आजवर ओसरीवर बसून कितीदां तरी जिंकल्या आहेत. त्या सकाळीं मला एक घोडा हालवितां आला नाहीं.

तरी पायदळ मीं वेळेवर वळविलें. खुद्द पोलमननेंही तें वळविलें होतें, आणि त्या सफाईनें वेलस्ली चकित झाला होता. एक टोंक केळणेवर, दुसरें असईवर, अशी रांग धरून तोफा सुरू केल्या. इंग्रजांची ७४ वी पलटण उजवीकडे भरकटून असईच्या तोफांपुढें आली, ती खेळांतही तशीच आली आणि जवळजवळ संपली. पुतण्याचें तोंड उतरलें. पण त्याचें उरलेलें पायदळ थांबलें नाहीं. माझ्या पलटणींची कसोटी एकामागून एक आली आणि एकामागून एक त्या जुईकडे सरकल्या. मागें राहिल्या तोफा आणि गोलंदाज.

पंच म्हणाले, आतां गोलंदाजांची कसोटी. फांसा बाईंनीं टाकावा. वहिनी मागें सरल्या. मग काय मनांत आलें कोणास ठाऊक, पुढें होऊन त्यांनीं फांसा टाकला. सहा पडले. मंडळींनीं टाळ्या वाजविल्या. गोलंदाज उभे राहिले.

वहिनींनीं मला हळूच विचारलें, "भाऊजी, थांबले तें चांगलें कीं वाईट?"

मला उत्तर देतां येईना. पुढच्या डावांत इंग्रज पायदळ तोफांपर्यंत आलें आणि एकेका तोफेचे चार चार गोलंदाज उचलून बाजूच्या तबकांत ठेवण्यांत आले. असईवरही असेंच झालें होतें. गोलंदाज संगिनीनें पडेपर्यंत तोफेपासून हालले नाहींत. कित्येक मेल्याचें सोंग करून पडून राहिले, आणि शत्रूची रांग पुढें गेल्यावर उठून त्यांनीं पाठीमागून पुन्हां मारा केला. वेलस्लीनें पुढें वॉटर्लू जिंकली. पण आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, ह्या प्रश्नास तो उतारवयांत असईचें नांव घेई.

चहा आला. शिक्षक महाशय माझी समजूत घालीत होते कीं, पोलमनहून मीं कांहीं वाईट केलें नाहीं. वहिनींनीं मुलाकडून त्यांस विचारविलें, "खरोखर माणसें किती गेलीं होतीं?" त्यांस तोंडपाठ होतें : वेलस्लीकडचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता.

"आणि आपले?"

ते जरा थांबले. बाराशें प्रेतें रणांगणावर होतीं असा अजमास आहे, म्हणाले. आणि तो अजमासही इंग्रजांचाच.

"अठरा बेपत्ता, इतकें बारीक त्यांनीं लिहून ठेवलें," वहिनी मला म्हणाल्या, "आणि आपल्याकडे नुसतें बाराशें." त्यांच्या घरीं १९७१ साली जी तार आली होती, तिच्यांत नांव, हुद्दा, क्रमांक, तारीख, सारें कांहीं होतें. ती तार अजून त्यांच्या पेटींत आहे.

मंडळी टेकड्या आणि झाडें गोळा करूं लागलीं. पुतण्या शिपाई पेटींत भरीत होता. पेटींत प्रत्येकासाठीं कापसाचा वेगळा कप्पा. वहिनींनीं पदर खोंचला, तबक पुढें ओढलें आणि गोलंदाज त्या एकेक करून, चौघे चौघे जुळवून, कप्प्यांत ठेवूं लागल्या. एकाशीं त्या थांबल्या. त्यास उजेडाकडे धरून पाहिलें, आणि मुलास म्हणाल्या,

"ह्याच्या हातांतला गज मोडला आहे रे. चिकटवावयास कांहीं आहे कां तुजजवळ?"