माटवीखालची रिकामी जागा

सिंधुदुर्गातील कितीतरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या दोन ठिकाणी विभागून राहत आली आहेत. कुटुंबाचा एक भाग मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडील गावात घर, बाग आणि वडीलधारी माणसे सांभाळतो, तर दुसरा सुमारे ५०० किलोमीटरवरील मुंबईत नोकरीधंदा करतो. मुंबईत चाकरी करून गावच्या घराला हातभार लावणाऱ्या या माणसाला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. हे विभागलेले घर तुटत नाही, याचे मोठे कारण गणेश चतुर्थी हे आहे. पावसाळा लागला की गावाकडून ‘चवथीक येतलंस मां?’ अशी विचारणा सुरू होते आणि तिचे उत्तर बहुतेक वर्षी ठरलेलेच असते. माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, नारळ, सुपारीचे घोस, कवंडाळे आणि आंब्याचे टाळे बांधलेली लाकडी चौकट. तिच्याखाली सर्वांनी उभे राहून काढलेले छायाचित्र हा या घरांचा वार्षिक दस्तऐवजच असतो.

२०२० साली कोरोनाच्या साथीमुळे हा क्रम मोडला. त्या वर्षीची चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि कोकणात जाणाऱ्यांसाठी राज्य सरकारने दहा दिवसांचे विलगीकरण, म्हणजे संसर्गाच्या शक्यतेमुळे इतरांपासून वेगळे राहणे, ठरवले होते. ज्यांना एवढी रजा मिळणे शक्य नव्हते ते मुंबईतच राहिले. त्याआधी टाळेबंदीच्या काळात जे गावी पोहोचले होते, त्यांपैकी अनेकांना आपल्याच गावच्या शाळेत दिवस काढावे लागले होते. शाळेच्या खिडकीत मुलगा आणि कुंपणाबाहेर जेवणाचा डबा ठेवून मागे सरलेली आई, मोबाइलच्या पडद्यावर गणपतीची आरती आणि कोपऱ्यातील लहान चौकटीत मुंबईतील नातवंडे, किंवा माटवीखाली फक्त दोन वृद्ध माणसे, अशी त्या काळाची छायाचित्रे आहेत.

कॅमेऱ्याच्या भिंगाला समोर असलेलेच टिपता येते. जो आलेला नाही त्याचे छायाचित्र निघत नाही. माटवीखालची रिकामी जागा दिसते ती तेथे कोण उभे राहत असे हे ठाऊक असणाऱ्यालाच. वृत्तपत्रीय छायाचित्र या बाबतीत वेगळे असते. डेन्मार्कचे छायाचित्रकार मॅड्स निस्सेन यांनी ५ ऑगस्ट २०२० रोजी ब्राझीलमधील साओ पाउलो येथील वृद्धाश्रमात टिपलेले, प्लास्टिकच्या पडद्याआडून परिचारिकेने ८५ वर्षांच्या वृद्धेला पाच महिन्यांनी दिलेल्या पहिल्या आलिंगनाचे छायाचित्र २०२१ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ संस्थेने वर्षातील सर्वोत्तम ठरवले. त्या दोघींना न ओळखणाऱ्यालाही त्यातील माया कळते. घरगुती छायाचित्र मात्र ओळखीवरच जगते आणि ओळख सांगणारा माणूस गेला की मुके होते.

मुंबईच्या इतिहासात याचा दाखला आहे. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोकांनी गावाची वाट धरली आणि त्यांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातीलही, गिरणी कामगार होते. त्या साथीची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत; परंतु ती मुख्यतः सरकारी कामाच्या नोंदीसाठी काढलेली असल्यामुळे त्यांत रुग्णालये, विलगीकरणाच्या छावण्या, घरांची सफाई आणि प्रवाशांची तपासणी दिसते, आणि त्यांतील सामान्य माणसे बहुतांशी निनावी आहेत. त्या साथीमुळे १८९७ मध्ये झालेला साथरोग कायदाच महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. कायदा तोच राहिला, पण कॅमेरा आता घरच्या माणसांच्या हाती होता, आणि म्हणून या वेळची ताटातूट प्रथमच घराच्या आतून नोंदली गेली.

ही नोंद आपोआप टिकणारी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा उतरतो आणि मूळ छायाचित्रासोबत नोंदलेली तारीख, वेळ यांसारखी माहितीही गळून पडते. फोन बिघडला की उरलेलेही जाते. छापलेल्या प्रतीला किनाऱ्यावरील दमट हवेत बुरशी लागते. तेव्हा मूळ छायाचित्र दोन वेगळ्या ठिकाणी जपावे, त्याची एक प्रत छापून कोरड्या जागी ठेवावी आणि तिच्या मागे दिवस, गाव व नावे लिहावीत. जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांचीही नावे लिहावीत. येत्या चतुर्थीला घर भरलेले असेल, तेव्हा २०२० चे छायाचित्र काढून घरातील सर्वांत वृद्ध माणसाशेजारी बसावे आणि ही नावे त्याच्याच तोंडून उतरवून घ्यावीत.