स्वतंत्र कादंबरीकार आणि आराखड्याची जबाबदारी

प्रकाशनसंस्थेचा आधार न घेता, स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या जबाबदारीवर कादंबरी प्रसिद्ध करणारा लेखक आज मराठीत अपवाद राहिलेला नाही. संगणकावरील अक्षरजुळणी आणि मागणीप्रमाणे मोजक्या प्रती छापण्याची सोय यांमुळे हस्तलिखित आणि ग्रंथ यांच्यातील अंतर पुष्कळच कमी झाले आहे. या घडामोडीची चर्चा मात्र बहुधा खर्च, वितरण आणि मानधन यांपुरतीच होते. अशा कादंबरीची रचना कोण तपासतो, हा खरा वाङ्मयीन प्रश्न त्या चर्चेत मागे पडतो. वस्तुतः तो मराठी कादंबरीइतकाच जुना आहे.

हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या दुसऱ्याच्या पत्रातून येऊ लागली. पुढे १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि लेखक, संपादक व चालक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या. पुण्यातील आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्थाही त्यांच्याकडे असल्याने केवळ कादंबरीवर निर्वाह करण्याची वेळ त्यांच्यावर नव्हती. ‘स्वतंत्र लेखक’ या शब्दाने आज जे अभिप्रेत असते, ते जवळजवळ सर्व त्यांना उपलब्ध होते. हस्तलिखित परत करणारा किंवा प्रकरण आखूड करावयास सांगणारा कोणी त्यांच्यावर नव्हता.

या स्वातंत्र्याची फळे दुहेरी आहेत. आपट्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ समीक्षकांनी वारंवार दाखविला आहे, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. आठवड्याचा मजकूर पुरा करण्याची निकड लेखणीला चालना देते; पण कथानकाला दिशा देण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. असे असूनही त्याच साप्ताहिकातून, त्याच हप्तेबंद पद्धतीने आलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ (ग्रंथरूपाने १८९३) विस्कळीत होत नाही. याचे कारण तिच्या निवेदनपद्धतीत शोधावे लागते.

यमू स्वतःची हकीकत सांगते, आणि ती सारे भोगून झाल्यानंतर सांगते. या एका निर्णयाने कादंबरीचा आराखडा जवळजवळ निश्चित झाला आहे. बालपणातील लहानसहान प्रसंग, सासर-माहेरच्या घरातील बोलणी, पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस यांना एरवी सुट्या चित्रांचे रूप आले असते. पुढे काय झाले हे ठाऊक असलेल्या स्त्रीच्या स्मरणातून ते येत असल्याने साध्या प्रसंगावरही वैधव्याची आणि केशवपनाची छाया पडते. हप्ता कितीही लांबला तरी सांगणारी तीच आहे, आणि तिला जे दिसणे शक्य नाही ते सांगण्याची मुभा लेखकाला नाही. म्हणजे बाहेरच्या संपादकाने जी मर्यादा घालावयाची, ती येथे निवेदकाने घातली आहे. ‘मी’ (१८९५) या कादंबरीतही आत्मकथनाचा असाच आधार घेतलेला दिसतो.

यावरून आराखड्याविषयीचा एक गैरसमज दूर व्हावा. आराखडा म्हणजे प्रकरणांची आगाऊ यादी किंवा पात्रांच्या जन्मतारखांची वही नव्हे. कोण बोलतो, तो कोणत्या काळातून बोलतो, त्याला किती माहीत आहे आणि त्याचे बोलणे कोठे थांबावयाचे आहे, या चार निर्णयांना आराखडा म्हणावे. हे निर्णय झाले असतील तर लिहिताना प्रसंग बदलले, नवी पात्रे आली तरी बिघडत नाही. ते झाले नसतील तर तपशीलवार टिपणेही कादंबरीला तारू शकत नाहीत. पूर्वयोजनेने उत्स्फूर्तता मारली जाते, हा आक्षेप याद्यांना लागू पडेल, निवेदनाच्या मर्यादेला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जबाबदारीचा मोठा वाटा संपादकांनी उचलला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’ व ‘सत्यकथा’ यांच्याद्वारे लेखनावर घेतलेले परिश्रम सर्वश्रुत आहेत. त्या व्यवस्थेविरुद्ध लघुअनियतकालिकांनी केलेले बंडही तितकेच आवश्यक होते. रुचीची मक्तेदारी निर्माण झाली होती, हे नाकारता येत नाही. परंतु चार पानी अनियतकालिकात कविता मावते, कादंबरी मावत नाही. त्या पिढीच्या बंडखोरीची खूण ठरलेली ‘कोसला’ (१९६३) देशमुख आणि कंपनीसारख्या प्रस्थापित प्रकाशनाकडूनच आली. दीर्घ लेखनाला भांडवल आणि चिकित्सक वाचक हे दोन्ही लागतात. आज भांडवलाची अडचण कमी झाली आहे, चिकित्सक वाचकाची नाही.

म्हणून स्वतंत्र कादंबरीकाराने छपाईच्या खर्चाआधी दुसऱ्या खर्ड्याचा विचार करणे अगत्याचे ठरते. पहिला खर्डा काही महिने बाजूला ठेवणे, तो स्तुती न करणाऱ्या दोन-तीन वाचकांच्या हाती देणे आणि निवेदकाच्या मर्यादेबाहेर गेलेले भाग, ते कितीही सुंदर असले तरी, काढून टाकणे ही कामे आता त्याचीच आहेत. संपादक नाकारणाऱ्याला संपादन नाकारता येत नाही.

विद्यापीठीय अभ्यासकही या जबाबदारीतून सुटत नाहीत. अभ्यासक्रम, शोधनिबंध आणि परीक्षणे यांसाठी पुस्तक निवडताना मुखपृष्ठावरील प्रकाशनसंस्थेचे नाव हीच चाळणी ठरत असेल, तर समीक्षेने आपले काम बाजारावर सोपविले असे म्हणावे लागेल. लहान गावातून, बोलीतून, स्वखर्चाने आलेली कादंबरी न वाचताच बाजूला पडणे ही तिची उपेक्षा आहे. आणि लेखकाने पदरमोड केली म्हणून तिचे सैलपण पोटात घालणे ही तिची दुसरी उपेक्षा आहे. तिला सवलत नको, वाचन हवे. तिच्या निवेदनाची आणि रचनेची चिकित्सा आपट्यांच्या कादंबऱ्यांना लावल्या जाणाऱ्या कसोट्यांनीच झाली, तर एकाकी लिहिणाऱ्याला आज न मिळणारा चिकित्सक वाचक काही अंशी तरी मिळेल.