आधी नोटा, मग अंगठा

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी १ वाजून ५२ मिनिटांनी, माझ्या मिक्सरचं चटणीचं भांडं मला मिळालं. म्हणजे तसं मला मोबाइलनं कळवलं. मी तेव्हा घरातच होते, दारापासून आठ पावलांवर आमटी-भात खात होते. बेल वाजली नव्हती, फोन आला नव्हता. तरी भांडं मिळालं होतं, आणि तेही 'हॅन्डेड टू रेसिडेंट', रहिवाशाच्या हातात. त्या वेळी घरात रहिवासी मी एकटीच.

भांडं ८४९ रुपयांचं. आधीचं तळाशी गळायला लागलं होतं आणि स्टेशनजवळच्या दुकानदारानं हात वर केले होते, "ताई, ते मॉडेल बंद झालं, ऑनलाइन बघा." म्हणून ऑनलाइन बघितलं. जेवण अर्धवट टाकून खाली गेले. वॉचमननं वही काढून दाखवली. त्या दिवशी आमच्या विंगमध्ये चार पार्सलं आली होती, त्यात आमच्या फ्लॅटचा नंबर नव्हता. ॲपमध्ये पुराव्याचा फोटो मात्र होता. करड्या टाइल्सवर खोकं, शेजारी हिरवं पायपुसणं, आणि कोपऱ्यात निळ्या रबरी चपलेचा पुढचा अर्धा भाग. आमच्या मजल्यावर शहाबादी फरशी आहे आणि माझं पायपुसणं काथ्याचं आहे.

कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दाखवतंय," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"सिस्टीममध्ये दाखवत असेल, माझ्या घरात दाखवत नाहीये."

मग नेहमीची उजळणी झाली. शेजारी विचारलंत का, घरातल्या कुणी घेतलं असेल, सिक्युरिटीकडे बघा. शेवटी तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, अठ्ठेचाळीस तास थांबा. कधी कधी मुलं आधी डिलिव्हर्ड मारतात आणि नंतर आणून देतात." त्या सगळ्या संभाषणातलं हे एकमेव प्रामाणिक वाक्य. आजचा लेख त्याच वाक्यावर आहे.

मराठीत 'पोच' हा एक शब्द आहे. पत्राची पोच, पैशांची पोच, पोचपावती. देणारा वस्तू देतो आणि घेणारा पोच देतो, अशी ही वाटणी. रजिस्टर ए.डी.चं ते छोटं कार्ड घेणाऱ्याची सही घेऊन उलट्या वाटेनं पाठवणाऱ्याकडे परत जायचं. वकिलांच्या फायलींत अशी कार्डं पिना लावून जपून ठेवलेली असत. माझी आजी सही करायला शिकलेली नव्हती. मुंबईहून आजोबांची मनीऑर्डर आली की ती पोस्टमनला ओसरीवर बसवायची, पाणी द्यायची, नोटा दोनदा मोजायची आणि मगच शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायची. पोस्टमन ओळखीचा, गावातलाच, घाईत असायचा. तरी क्रम बदलायचा नाही. आधी नोटा, मग अंगठा.

आता पोच देणाराच देतो. मोबाइलवर एक बटण दाबलं की मला माल मिळाल्याची पोच माझ्या वतीनं फाटते आणि तिची प्रत मलाच पाठवली जाते. त्यानंतर भांडं मिळालं नाही हे मी सिद्ध करायचं. न मिळालेल्या वस्तूचा पुरावा काय दाखवणार? रिकाम्या ओट्याचा फोटो?

डिलिव्हरीच्या मुलांवर मी फार चिडत नाही. बहुतेक ठिकाणी त्यांना पार्सलमागे पैसे मिळतात, पगार नसतो. दिवसाची यादी दिवसात संपवायची असते. घरात कुणी नाही म्हणून परत नेलेलं पार्सल म्हणजे उद्या पुन्हा तेवढंच पेट्रोल. त्यात आपण काय करतो? गेटवर पाटी लावतो, 'डिलिव्हरी बॉयने लिफ्ट वापरू नये.' काही सोसायट्या तर त्याला गेटच्या आत घेत नाहीत. मग तो पार्सल वॉचमनच्या टेबलावर टाकतो आणि बटण दाबतो. त्या टेबलावर दिवाळीच्या आठवड्यात खोक्यांचा जो डोंगर असतो तो बघितला की वाटतं, हरवतात त्यापेक्षा सापडतात तीच जास्त, हे नवल. माणसाला दारापर्यंत येऊ द्यायचं नाही आणि वस्तू मात्र हातात हवी, असा हा आपला हिशेब.

पत्त्यांचा घोळ निराळा. डोंबिवलीत आमची इमारत 'गुरुकृपा'. दोन गल्ल्या सोडून आणखी एक 'गुरुकृपा', आणि मारुतीच्या देवळामागे 'श्री गुरुकृपा'. कृपेची कमतरता नाही. एकसारखी नावं आणि नाना लिप्यांतली अक्षरं यांवर उतारा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला देशात सहा आकडी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पण पिनकोड तुम्हाला पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. २०२५मध्ये टपाल खात्यानं 'डिजिपिन' आणला आहे. त्यात सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा स्वतःचा संकेतांक मिळतो. कल्पना चांगली आहे. पण सात मजले एकाच चौकोनावर उभे असले तर मजला तुम्हालाच सांगावा लागेल.

बुधवारी संध्याकाळी मी तो फोटो घेऊन निघाले. वय वर्षे छप्पन्न, हातात मोबाइल, आणि दुसऱ्यांच्या इमारतींतली पायपुसणी न्याहाळत जिने चढते आहे. 'श्री गुरुकृपा'च्या दुसऱ्या मजल्यावर हिरवं पायपुसणं सापडलं. निळी चप्पलही होती. दार एका आजींनी उघडलं.

"अगं बाई, ते तुमचं होतं होय! सुनेचं असेल म्हणून घेतलं. संध्याकाळी ती आली, तिनं नाव वाचलं, म्हणाली आई, हे आपलं नाही. मग खाली वॉचमनकडे ठेवलं." त्यांनी मला चहाला बसवलं, सून कुठल्या कंपनीत आहे ते सांगितलं आणि ऑनलाइन मागवलेल्या साड्यांचे रंग कसे फसवतात यावरही बरंच बोलल्या. खाली वॉचमन बदलला होता. नवा म्हणाला, सकाळी एक मुलगा आला, चुकून दिलंय म्हणाला आणि खोकं घेऊन गेला. म्हणजे चूक कुरिअरच्या लक्षात आलेली होती. माझ्या ॲपच्या तेवढी लक्षात आली नाही. गुरुवारी मेल आला, 'आमच्या तपासानुसार पार्सल योग्य पत्त्यावर देण्यात आले आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.'

इथे बरेच जण सोडून देतात. ८४९ रुपयांसाठी कोण डोकं फोडणार? विक्रेत्यालाही हे ठाऊक असतं. काही ग्राहक वस्तू घेऊनही 'मिळाली नाही' म्हणतात, हेही खरं. त्यामुळे कंपनीनं शहानिशा करावी, याला माझी ना नाही. पण मुलानं दाबलेलं बटण त्याच मुलाच्या बाजूनं साक्षीला उभं करायचं, याला तपास म्हणत नाहीत.

कायद्याचीही एक गंमत आहे. मालविक्रीचा आपला कायदा १९३०चा. त्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे विक्रेत्यानं करारानुसार माल पाठवण्यासाठी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की तो गिऱ्हाइकाला दिला असं सकृद्दर्शनी धरलं जातं. रेल्वेनं गाठोडी मागवणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ते ठीक होतं. घरून कुर्ते विकणारे छोटे विक्रेते आजही कलमाचं नाव न घेता तेच सांगतात, "आम्ही कुरिअरला दिलं, आता तुम्ही आणि कुरिअर." हे ऐकून गप्प बसू नका. कुरिअर तुम्ही निवडलेलं नाही, त्याचे पैसे किमतीत धरलेले आहेत, आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागू देतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क सगळ्यांना दिसेल असा द्यावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. बघा, इथे कायद्यानंही पोच मागितली आहे. हा अधिकारी बहुधा वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत राहतो.

मी त्याला मेल लिहिला. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, म्हणून जे काही ते लेखी. आधीच्या तक्रारीचा तिकीट नंबर दिला. कंपनीचा फोटो आणि माझ्या दाराचा फोटो शेजारी शेजारी लावले, फरशी आणि पायपुसण्यासकट. मग चार गोष्टी मागितल्या. 'डिलिव्हर्ड' नोंदवलं तेव्हा त्या मुलाचा मोबाइल नकाशावर कुठे होता, पार्सल घेणाऱ्याचं नाव काय नोंदवलं, ओटीपी किंवा सही घेतली का, आणि बुधवारी सकाळी ते खोकं परत कोणी व का नेलं. हे सगळं त्यांच्याच दप्तरात असतं, आपल्याकडे नसतं. म्हणून आपण नुसतं 'मिळालं नाही, मिळालं नाही' करत बसायचं नाही. 'दिलं कुणाला ते दाखवा' असं विचारायचं. स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढले होते ते बरं झालं, कारण तक्रार बंद झाल्यावर ॲपमधला तो फोटो दिसेनासा झाला. सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रणही काही दिवसांत पुसलं जातं, तेही लगेच मागा.

इथे दाद लागली नसती तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाणार होते. तिथे मराठीत बोलता येतं. ती कोर्ट नाही, हुकूम सोडू शकत नाही. पण तिथून तक्रार गेली की कंपनीतलं दुसरं टेबल हलतं. आमच्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून हेच काम करत आली आहे, तिचाही सल्ला घेता येतो. आणि सगळ्यात शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत दोन वर्षांची. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्याही तो दाखल होतो. मिक्सरच्या भांड्यासाठी मी तिथवर गेले असते का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. मोबाइल किंवा फ्रिज असता तर दुसऱ्याच आठवड्यात गेले असते. क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडेही लेखी हरकत घेता येते, पण तिची मुदत असते. तेव्हा कंपनीच्या गोड मेलांवर महिने काढू नका.

एक मात्र करू नका. वैतागून इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. तिथे पहिला सापडणारा नंबर कधी कधी चोराचाच असतो. तो तुमच्याच रिफंडसाठी लिंक पाठवतो आणि खातं रिकामं करतो. नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्या, आणि फसलातच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

महागड्या वस्तूंना हल्ली ओटीपी लागतो. ही मला चांगली गोष्ट वाटते. पोच देण्याचा हक्क त्यातून पुन्हा आपल्याकडे येतो. पण आपण तो कसा वापरतो? आमच्या मजल्यावरचे काका दुपारी झोपेतून उठून फोनवर सहा आकडे सांगतात, कारण खालून मुलगा म्हणतो, "काका, ओटीपी सांगा, वॉचमनकडे ठेवतो." काकांच्या हे गावीही नसतं, पण तिथे त्यांनी सही केलेली असते. ओटीपी म्हणजे आजीचा अंगठा. खोकं डोळ्यांनी बघितल्याशिवाय, त्यावरचं नाव वाचल्याशिवाय तो द्यायचा नाही. मुलाला घाई असेल तर आपण चार पायऱ्या उतरून जावं, लिफ्टची पाटी काढावी, पाणी विचारावं. पण क्रम बदलू नये. आणि कंपन्यांकडे माझं मागणं असं, की किंमत कितीही असो, ज्याला ओटीपी हवा त्याला तो मिळावा. घेणाऱ्यानं काहीही न करता 'डिलिव्हर्ड' झालेलं पार्सल हे वादात पोहोचलेलं मानलं जाऊ नये, असं ई-कॉमर्स नियमांतच लिहिलं जावं.

माझ्या मेलची पोच दुसऱ्या दिवशी आली. चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. एकोणिसाव्या दिवशी ८४९ रुपये खात्यात जमा झाले, सोबत 'सद्भावना म्हणून' असा शेरा. भांडं शेवटी कल्याणच्या एका जुन्या दुकानात ९०० रुपयांना मिळालं. दुकानदारानं ते टेबलावर ठेवलं, मी झाकण लावून पाहिलं आणि मग पैसे दिले.

ॲपमधल्या त्या ऑर्डरपुढे आजही हिरव्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'डिलिव्हर्ड'.