पकड आधी, डाव नंतर

सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरमध्ये, राजबागेच्या आवारात, डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींची मोठी वर्दळ असते. राज्याने 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केल्यापासून अशा मुलांच्या नोकऱ्यांबद्दल पुष्कळ बोलले जाते. ई-स्पोर्ट्सला केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये मान्यता दिली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर 5 मध्ये भारताचे दोघे उतरलेही. खेळ म्हटला की तालीम आली, आणि तालमीत शरीर आले. खेळणाऱ्याच्या हाताबद्दल मात्र कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे, की फायटिंग गेमची शिकवणी डोळे दिपवणाऱ्या कॉम्बोपासून, म्हणजे ओळीने जोडलेल्या फटक्यांपासून नव्हे, बचावापासून सुरू व्हावी; आणि बचाव कंट्रोलर धरण्यापासून.

बचाव म्हणजे चपळाई, असा समज आहे. हिशेब वेगळे सांगतो. हे गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे 17 मिलिसेकंदांची. स्ट्रीट फायटर 6 मध्ये साधा थ्रो, म्हणजे समोरच्याची पकड, 5 फ्रेममध्ये लागतो. नुसते काही दिसल्यावर बोट हलवायलाच माणसाला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. पकड सोडवायला आणखी काही फ्रेम मिळतात खऱ्या, पण समोरचा मारणार की धरणार हे ओळखण्यातच त्या संपतात. म्हणून जाणता खेळाडू ओळखायच्या भानगडीत पडत नाही. तो 'खाली-मागे' दिशा दाबून बसतो आणि थ्रोची दोन बटणे किंचित उशिरा दाबतो. फटका आला, तर तो आधीच ब्लॉक झालेला असतो आणि उशिराचे बटण वाया जाते. पकड आली, तर तेच बटण ती सोडवते. यात फुकटचे काही नाही. समोरच्याने नेमके तेव्हा पाऊल मागे घेतले, तर आपलाच थ्रो हवेत जातो आणि त्याची जबर किंमत मोजावी लागते. म्हणूनच याला पळवाट म्हणणे मला पटत नाही. कधी वापरायचे, हे डोक्यानेच ठरवावे लागते.

आता हाताकडे पाहू. डावा अंगठा 'खाली-मागे'च्या कोपऱ्यातून जरा घसरून नुसत्या 'खाली'वर आला, की ब्लॉक उरतच नाही. नुसत्या 'मागे'वर गेला, की पायावरचा फटका बसतो. घाबरलेला नवखा कंट्रोलर आवळून धरतो, तळवा ताठतो आणि अंगठा नेमका अशाच वेळी सरकतो. वजन उरलेल्या बोटांवर आणि मांडीवर टाकून अंगठा मोकळा ठेवायला शिकवणे, ही पहिल्या आठवड्याची गोष्ट आहे. फायटिंग गेमच्या 2004 च्या इव्हो स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचे 15 फटके ओळीने परतवले; त्याकडे लोक प्रतिक्षिप्त क्रियेचे नवल म्हणून पाहतात. पण त्यात पहिल्या फटक्याचा अंदाज होता आणि पुढची लय हातात बसलेली होती.

कोणी म्हणेल, प्रत्येक विजेत्याची धरण्याची तऱ्हा निराळी, मग शिकवणार काय? कुस्तीतही प्रत्येकाचा पवित्रा वेगळा असतो, तरी वस्ताद पहिल्या दिवशी पायांची ठेवण तपासतोच. आणि हाताखालच्या साधनाने फरक पडतो, हे आयोजकांनीही मानले आहे. जॉयस्टिकऐवजी बटणांनी दिशा देणाऱ्या कंट्रोलरवर डावे-उजवे एकदम दाबले तर दोन्ही रद्द व्हावीत, असा नियम कॅपकॉमने आपल्या स्पर्धांसाठी केला.

मुलांना आणखी पडद्यापुढे बसवायचे का, हा पालकांचा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मुले बसलेलीच आहेत, आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचे दुखणे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. आवळून धरण्याची खोड मोडणारा, तासाभराने हात मोकळा करायला लावणारा शिक्षक त्यांना आज मिळत नाही. लहान हाताच्या मुलीला बाजारातला कंट्रोलर कसा बसतो, तिचा अंगठा त्या कोपऱ्यापर्यंत न ताणता पोचतो का, एवढे तपासायला राजबागेतल्या वर्गात एक टेबल आणि एक मोजपट्टी पुरेल.