अब्बांचा स्टिरिओ भंगारात देऊ नका

वसई-नालासोपाऱ्यात आखातातून आणलेले स्टिरिओ अजून काही घरांत शोकेसमध्ये मुके पडून आहेत. कॅसेट गेली म्हणून भंगारवाल्याला किलोवर द्यायचे? मला हे पटत नाही. मागे ‘ऑक्स’ लिहिलेली लाल-पांढरी सॉकेटं असतील तर तिथे ब्लूटूथ रिसीव्हरची डबी जोडा. मोबाइलच्या चार्जरचे 5 व्होल्ट तिला बहुधा पुरतात. ‘फोनो’त मात्र लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं, आवाज फाटतो. ब्लूटूथ गाणं थोडं आवळून पाठवतं, हे खरं. पण अब्बांच्या लाकडी स्पीकरवर रफीसाहेब लागले की तो फरक कोण मोजत बसतो! फोन आला की गाणं तुटतं, तेवढ्यासाठी घरातला जुना मोबाइल वाय-फायवर ठेवावा.